पावसाला थांबवणारी जमीन: उतार ओळखून पाणी मुरवण्याची विद्या

गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. या भूमीवर वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. तरीही एप्रिल-मे उजाडला की अनेक वाड्यांवरील विहिरींचा तळ दिसू लागतो, झरी आटतात आणि टँकरची वाट पाहावी लागते. सह्याद्रीचा माथा आणि समुद्र यांच्यात येथे जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटरचे अंतर आहे. नद्या आखूड, उतार तीव्र आणि पाऊस मुसळधार असल्याने पडलेले पाणी काही तासांतच खाडीला मिळते. पाऊस कमी पडतो ही गोव्याची अडचण नाही; तो जमिनीत थांबत नाही, ही आहे.

जमिनीला योग्य आकार देऊन हे पाणी थांबवणे, मुरवणे आणि साठवणे ही जुनी विद्या आहे. तिला मोठे भांडवल लागत नाही, मात्र ती शिकावी लागते. यंत्र आणून कोठेही चर खणला म्हणजे पाणी मुरते असे नाही. चुकीच्या जागी खणलेला चर धूप वाढवतो आणि प्रसंगी दरडही कोसळवतो. म्हणून या विद्येचा आरंभ जमीन पाहण्यापासून होतो, खणण्यापासून नव्हे.

पाण्याचा हिशेब

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. एवढे एकच सूत्र लक्षात ठेवले तरी पुढचा सारा हिशेब मांडता येतो. ३,००० मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात एक हेक्टर जमिनीवर वर्षाला सुमारे तीन कोटी लिटर पाणी पडते आणि एका गुंठ्यावर सुमारे तीन लाख लिटर. माणशी रोज १३५ लिटर हे शहरी मानक धरले, तर पाच जणांच्या कुटुंबाची वर्षभराची गरज अडीच लाख लिटरच्या आत येते. म्हणजे एका गुंठ्यावर पडणारा पाऊस एका घराच्या वर्षाच्या गरजेहून अधिक आहे.

हे सारे पाणी अडवता येत नाही आणि अडवूही नये. काही बाष्परूपाने जाते, काही झाडे पितात, काही नदीला आणि खाडीला मिळणे आवश्यकच असते. खाजन जमिनींतील क्षार धुऊन निघतात ते याच गोड्या पाण्याने. प्रश्न उरलेल्या हिश्शाचा आहे. ऑक्टोबर ते मे या आठ कोरड्या महिन्यांसाठी त्यातले किती पाणी मातीत, खडकात आणि तळ्यांत राहू शकेल, यावर गावाचा उन्हाळा ठरतो.

पठार, उतार आणि झर

गोव्यातील पाण्याची वाट समजून घ्यायची तर जांभा दगड समजून घ्यावा लागतो. किनाऱ्यालगतच्या आणि मध्यभागातील पठारांवर जांभ्याचे जाड कवच असते. वरून ते कातळासारखे कठीण व ओसाड दिसते, परंतु आतून सच्छिद्र असते. भेगांतून आणि पोकळ्यांतून पावसाचे पाणी खाली झिरपते. जांभ्याखाली मऊ, चिकट, पांढरट-गुलाबी मातीचा थर लागतो. त्यातून पाणी सहजी पुढे जात नाही. ते आडवे सरकते आणि टेकडीच्या कडेला, जेथे हे दोन थर उघडे पडतात, तेथे झर होऊन बाहेर येते.

म्हणूनच गोव्यातील अनेक झरी पठारांच्या पायथ्याशी आढळतात. पणजीतील फोंतेंइयाश या वस्तीचे नावच अल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या फोंते फेनिक्स या झरीवरून पडले आहे. डोंगरपायथ्याची कुळागरेही अशाच झरींवर पोसली गेली आहेत: वर वनराई, मध्ये झर आणि खाली पोफळी, नारळ, केळी, मिरवेल यांची बाग.

या रचनेतून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. उजाड वाटणारे पठार ही पडीक जमीन नसून झरीची टाकी आहे. पठारावर सपाटीकरण झाले, काँक्रीट पसरले किंवा जांभा खणून खाली चिकणमाती उघडी पडली, की पाणी आत जाण्याचा मार्ग बंद होतो. त्याचा परिणाम त्याच वर्षी दिसेलच असे नाही. दोन-तीन उन्हाळ्यांनंतर पायथ्याची झर महिनाभर आधी आटते, आणि तोवर कारण विस्मरणात गेलेले असते.

जमीन कशी पाहावी

शिकण्याचा पहिला धडा भर पावसात घ्यावा लागतो. जुलैमधील एखाद्या जोरदार सरीत छत्री घेऊन आपल्या जमिनीतून फिरावे आणि पाणी कोठून येते, कोठे वेग घेते, कोठे साचते आणि कोठून बाहेर पडते, हे नकाशावर टिपून ठेवावे. पाणी गढूळ असेल तेथे माती वाहते आहे, स्वच्छ असेल तेथे गवत वा पालापाचोळा आपले काम करतो आहे. उन्हाळ्यात कितीही मोजमाप केले तरी ही माहिती मिळत नाही.

दुसरी चाचणी पाणी मुरण्याच्या वेगाची. सुमारे ३० सेंटिमीटर खोलीचा खड्डा खणून तो पाण्याने भरावा. पहिले पाणी कोरडी माती पिऊन टाकते, म्हणून ते जिरल्यावर पुन्हा भरावा आणि पाणी उतरण्यास किती वेळ लागतो ते पाहावे. तास-दोन तासांत खड्डा रिकामा झाला, तर ती जागा मुरवण्यास योग्य. दिवस उलटूनही पाणी तसेच राहिले, तर तेथे तळे शोभते, चर नव्हे. एकाच शेतात दोन्ही प्रकारच्या जागा सापडतात. कोणती जागा कशासाठी, हे त्या जमिनीनेच ठरवावयाचे असते.

समतल रेषेची आखणी

या साऱ्या विद्येचा कणा म्हणजे समतल रेषा, अर्थात उतारावरील समान उंचीचे बिंदू जोडणारी रेषा. या रेषेवर खणलेल्या चरात पाणी एका बाजूला धावत नाही, तर सर्वत्र सारखे पसरून मुरते. रेषा चुकली की चर हाच ओहोळ बनतो. डोळ्यांच्या अंदाजाने समतल रेषा आखता येत नाही. उतारावर उभ्या माणसाची नजर हटकून फसते.

त्यासाठी तीन काठ्या, दोरी आणि दगड एवढे साहित्य पुरते. सुमारे दोन मीटर लांबीच्या दोन काठ्या वरच्या टोकाला बांधून त्यांचे पाय फाकवावेत आणि मध्ये तिसरी आडवी काठी बांधावी. इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी ही चौकट होते. वरच्या टोकातून दगड बांधलेली दोरी सोडावी, म्हणजे तो ओळंबा झाला. चौकट दोन खुंट्यांवर उभी करून दोरी आडव्या काठीवर जेथे येते तेथे खूण करावी. मग पायांची अदलाबदल करून त्याच खुंट्यांवर चौकट पुन्हा ठेवावी आणि दुसरी खूण करावी. या दोन खुणांचा मध्य म्हणजे समतलाची खूण. काठ्या वाकड्या असल्या तरी या रीतीने चौकट अचूक ठरते.

यानंतर एक पाय जागेवर ठेवून दुसरा वर-खाली सरकवत दोरी मधल्या खुणेवर आणावी, तेथे खुंटी ठोकावी आणि पुढे जावे. शंभर मीटरची रेषा दोन माणसे सकाळच्या वेळात सहज आखतात. वाऱ्याने दोरी हलते, म्हणून वारा नसलेली वेळ निवडावी. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरूनही हेच काम होते. नळीच्या दोन्ही टोकांतील पाणी नेहमी एकाच पातळीवर राहते.

चर, बांध आणि अर्धचंद्र

आखलेल्या रेषेवर खणलेला अखंड चर म्हणजे सलग समतल चर. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असे त्याचे एक रूढ माप आहे. या मापाच्या शंभर मीटर चरात एका वेळी १८ घनमीटर, म्हणजे १८,००० लिटर पाणी मावते. पावसाळ्यात तो अनेकदा भरतो आणि अनेकदा मुरतो, हेच त्याचे सामर्थ्य. खणलेली माती नेहमी चराच्या खालच्या अंगाला, काठापासून वीतभर अंतर सोडून टाकावी. ती चिकटून टाकली तर पहिल्याच पावसात पुन्हा चरात उतरते. या मातीच्या वरंब्यावर वाळा, गवत किंवा गिरिपुष्प लावले की मुळे तिला धरून ठेवतात.

जेथे जमीन खडकाळ किंवा झाडांनी व्यापलेली आहे तेथे तुटक चर घेतात. एका ओळीतील दोन चरांमधील मोकळी जागा खालच्या ओळीतील चराच्या समोर येईल अशी मांडणी करतात. काजू वा आंब्याच्या कलमांसाठी झाडाच्या खालच्या अंगाला अर्धचंद्राकृती बांध घालणे अधिक सोपे. झाडाच्या बुंध्यापाशी पाणी व पालापाचोळा थांबतो आणि मार्चपर्यंत ओल टिकते. जुने गोवे येथील भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थेने उतारावरील काजू लागवडीत समतल चर आणि त्यांच्या जोडीला वनस्पतींच्या ओळी यांचे प्रयोग केले. त्यांत वाहून जाणारे पाणी आणि मातीची धूप दोन्ही कमी झाल्याचे दिसून आले. चर आणि हिरवे आवरण ही जोडी आहे. एकाविना दुसरे अपुरे ठरते.

आधी सांडवा, मग चर

पाणलोट विकासाची बहुतेक प्रसिद्ध उदाहरणे दख्खनच्या अवर्षणप्रवण भागातील आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे सरासरी पाऊस सुमारे ४०० मिलिमीटर. तेथे पडलेला प्रत्येक थेंब अडवणे हे उद्दिष्ट योग्यच होते. गोव्यात मात्र त्याच मापाचा चर तसाच उचलून आणला तर काय होते, हे साध्या गणिताने कळते.

दोन चरांमध्ये दहा मीटर अंतर आहे असे मानू. चराच्या प्रत्येक मीटर लांबीत १८० लिटर पाणी मावते आणि त्याच्या वर दहा चौरस मीटर उतार असतो. निम्मे पाणी वाहून चरात येते असे धरले, तर सुमारे ३६ मिलिमीटर पावसातच तो भरतो. गोव्यात जुलैमध्ये एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस ही अपूर्वाई नाही. अशा दिवशी चरात ५०० लिटर पाणी येऊ पाहते. मधल्या वेळात काही पाणी मुरते हे खरे, परंतु सलग पावसाने माती आधीच तृप्त झालेली असते. उरलेले पाणी वरंब्याच्या सर्वांत दुबळ्या जागी फुटून बाहेर पडते. वरचा चर फुटला की त्याचे पाणी खालच्यावर कोसळते आणि एकामागून एक सारे चर फुटत जातात.

म्हणून अतिवृष्टीच्या प्रदेशातील पहिला नियम असा, की पाणी अडवण्यापूर्वी त्याची बाहेर पडण्याची वाट ठरवावी. प्रत्येक चराला दगडांनी बांधलेला सांडवा हवा आणि तो नैसर्गिक व्हाळाकडे किंवा गवताळ पट्ट्याकडे उघडणारा हवा. त्यासाठी चराला व्हाळाच्या दिशेने अत्यल्प उतार देतात. दोन पायांत दोन मीटर अंतर असलेल्या चौकटीच्या एका पायाखाली एक सेंटिमीटर जाडीची चकती बांधली, तर दोनशेस एक असा उतार आपोआप मिळतो. चकतीचा पाय नेहमी सांडव्याच्या दिशेला ठेवावा. असा चर थोड्या पावसाचे पाणी मुरवतो आणि जास्तीचे पाणी सावकाश, माती न उचलता, वाहून नेतो.

माथा ते पायथा

काम नेहमी माथ्यापासून सुरू करावे. वरचे पाणी न रोखता खाली बंधारा बांधला, तर तो काही पावसाळ्यांतच गाळाने भरतो. माथ्यावर झाडोरा आणि चर, मधल्या उतारावर बांध व अर्धचंद्र, ओहोळात दगडांचे लहान बांध, आणि पायथ्याला तळे किंवा बंधारा हा क्रम पाळला, की प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याचे रक्षण करतो.

ओहोळातील दगडी बांध पाणी साठवण्यासाठी नसतात. ते पाण्याचा वेग मोडतात आणि गाळ अडवतात. त्यांचा मध्य कडांपेक्षा खोलगट ठेवावा, अन्यथा पाणी दोन्ही काठ कापून बांधाला वळसा घालते. पावसाळा सरल्यावर व्हाळातील प्रवाह मंद होतो, तेव्हा माती-वाळू भरलेल्या पोत्यांचे वनराई बंधारे घालता येतात. फळ्यांचे बंधारेही याच वेळी अडवतात. उशीर झाला तर पाणी निघून गेलेले असते, आणि घाई झाली तर परतीच्या पावसाचा लोंढा बंधाराच घेऊन जातो.

साठवणीची जुनी आणि नवी रूपे

गोव्यात पाणी साठवण्याची परंपरा गावकरीच्या काळापासूनची आहे. करमळीचे तळे मानवनिर्मित आहे आणि त्याच्या पाण्यावर भातशेती होत आली आहे. सासष्टीतील कुडतरी गाव तळ्यांसाठी आणि भातासाठी प्रसिद्ध आहे. कुडचडे येथील नंदा तळ्यात साठवलेले पाणी खालच्या शेतांतील भातपिकास दिले जाते. २०२२ मध्ये हे तळे गोव्यातील पहिले रामसर स्थळ ठरले. पावसाळी सरद पिकानंतर वायंगणाचे दुसरे पीक निघते ते अशा साठ्यांच्या आणि झरींच्या बळावर. पूर्वजांनी तळ्याची जागा निवडली ती पाणी आपोआप येईल आणि आपोआप शेतात उतरेल अशी. उपशाला ऊर्जा लागू नये, ही त्यामागील दृष्टी आजही शिकण्यासारखी आहे.

वैयक्तिक शेततळ्याचा हिशेबही समजून घ्यावा. वरच्या काठाशी ३० बाय ३० मीटर, तीन मीटर खोल आणि कडांना एकास एक उतार असे तळे घेतले, तर त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. परंतु कोरड्या महिन्यांत रोज चार-पाच मिलिमीटर पाणी उडून जाते असे धरले, तरी आठ महिन्यांत सुमारे एक मीटर उंचीचे पाणी केवळ उन्हाला द्यावे लागते. म्हणून तळे पसरट असण्यापेक्षा खोल असावे आणि वाऱ्याच्या बाजूला झाडे असावीत. जांभ्यातील तळे गळते, म्हणून ते निकामी ठरत नाही. गळणारे पाणी खालच्या विहिरीला मिळत असेल, तर ते मुरवण तळे म्हणून मोलाचेच आहे. मातीत मुरलेल्या पाण्याला ऊन लागत नाही, हा मुरवणीचा साठवणीहून मोठा लाभ होय.

किनाऱ्यावरील जांभ्याच्या प्रदेशाला जवळचे उदाहरण दक्षिण कन्नड जिल्ह्यातील आहे. तेथील अमै महालिंग नाईक या शेतकऱ्याने ओसाड टेकडीच्या पोटात एकट्याने आडवी भुयारे खणली. आरंभीचे अनेक प्रयत्न फसले, पण अखेर पाणी लागले; ते टाकीत साठवून त्यांनी बाग उभी केली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. टेकडीच्या पोटातले पाणी हे टेकडीच्या माथ्यावर मुरलेले पाणीच असते, हे या उदाहरणाचे सार.

कोठे खणू नये

पाणी मुरवणे सर्वत्र हितकारक नसते. तीव्र उतारावर, विशेषतः जांभ्याखालील चिकणमातीचा थर जेथे उघडा आहे तेथे, मुरलेले पाणी मातीचे वजन वाढवते आणि तिची पकड सैल करते. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या दुर्घटनेला अतिवृष्टी कारणीभूत होतीच; पण डोंगरउतारावर शेतीसाठी झालेले सपाटीकरण हेही त्यामागील कारणांत चर्चिले गेले.

उतारावर अर्धवर्तुळाकार भेगा दिसणे, झाडांचे बुंधे खालच्या बाजूस वाकून पुन्हा सरळ वाढलेले असणे, पावसात नव्या जागी पाणी पाझरू लागणे ही जमीन सरकत असल्याची चिन्हे आहेत. अशा जागी चर खणू नये. तेथे पाणी वळवून दूर न्यावे आणि खोल मुळांची झाडे राखावीत. घराच्या वरच्या अंगाला, जुन्या गडग्याच्या मागे किंवा रस्ता कापल्याने उभ्या राहिलेल्या कड्याच्या माथ्यावरही पाणी साठवू नये. शौचखड्डा जेथे आहे तेथून विहिरीकडे पाणी झिरपेल अशी मुरवण करणेही आरोग्यास घातक. गोव्यात डोंगरकापणी आणि सखल जमिनीतील भराव यांस नगर व ग्रामनियोजन कायद्याच्या कलम १७अ अन्वये पूर्वपरवानगी लागते. मोठ्या खोदाईपूर्वी हे तपासणे आवश्यक.

मुरवलेले पाणी कोणाचे?

जमिनीला आकार देणे हे अर्धे काम. उरलेले अर्धे काम मुरलेले पाणी कसे वापरावे, यावर एकमत घडवण्याचे आहे. हिवरे बाजारचे यश केवळ चरांचे नाही. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर गावाने चराईबंदी व कुऱ्हाडबंदी स्वीकारली, सिंचनासाठी कूपनलिका घेण्यावर निर्बंध घातले, अधिक पाणी पिणारी पिके टाळली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याची पद्धत रूढ केली. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीतून हाच विचार पुढे नेला. पाण्यावरचा हक्क जमिनीच्या क्षेत्रावर नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरवावा, असे त्यांनी मांडले. पाणी फाउंडेशनच्या ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ स्पर्धेत २०१६ पासून गावकऱ्यांना आधी प्रशिक्षण आणि मग श्रमदान असा क्रम ठेवला गेला.

गोव्याला हा विचार परका नाही. गावकरीच्या व्यवस्थेत बांध, मानस आणि तळी यांची देखभाल ही साऱ्या गावाची जबाबदारी असे. चर एकदा खणून भागत नाही. दरवर्षी मे महिन्यात त्यातील गाळ काढून बागेत टाकावा लागतो, सांडव्याचे निखळलेले दगड पुन्हा बसवावे लागतात, वरंब्यावरील वाळ्याच्या रिकाम्या जागा भराव्या लागतात. जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात पुन्हा फेरी मारून पाणी आखल्या वाटेने जाते का, हे पाहावे लागते. ऑक्टोबरमध्ये बंधारे घालावेत आणि जानेवारीपासून विहिरीची पाणीपातळी दर महिन्याला दोरीने मोजून वहीत लिहावी. तीन-चार वर्षांच्या अशा नोंदी समोर असल्या, की कोणते काम फळले आणि कोणते वाया गेले, याचा निवाडा अंदाजाने करावा लागत नाही.

विहिरीचे पाणी मे महिन्यात पूर्वीपेक्षा हातभर वर राहिले आणि व्हाळ पूर्वीपेक्षा पंधरा दिवस अधिक वाहिला, तर जमीन पाऊस धरू लागली असे समजावे. आणि पायथ्याची झर टिकवायची असेल, तर तिच्या माथ्यावरचे पठार मोकळे राहिले पाहिजे. ते एकदा झाकले गेले, की खालच्या उतारावर कितीही चर खणले तरी ती भरपाई होत नाही.